गच्चीवरची चावी कोणाकडे? (जुन्या अपार्टमेंटची सामाईक पाइपलाइन)

गळकी_तोटी

मंडळी, सांगलीत विश्रामबागेत आमचं अपार्टमेंट आहे. बांधकाम १९८८ चं, खाली पार्किंग, वर तीन मजले, बारा फ्लॅट. मी दुसऱ्या मजल्यावर. फ्लॅट विकत घेऊन चार वर्षं झाली.

स्वयंपाकघरातली तोटी गळते म्हणून बदलायला फिटरला बोलावलं. आल्या आल्या त्याने विचारलं, "मेन चावी कुठाय?" मी घरभर शोधली. बाथरूममध्ये नाही, ओट्याखाली नाही, डकमध्ये (पाइपांच्या उभ्या बोळात) वाकून बघितलं तर तिथेही नाही. फिटर हसायला लागला. म्हणाला, "साहेब, या वयाच्या बिल्डिंगीत फ्लॅटला चावी नसते. सगळं गच्चीवर."

गच्चीवर टाकीखाली चार चाव्या. कुठली कोणाची ते कुणालाच माहीत नाही. गच्चीच्या कुलपाची चावी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे. त्यांचं म्हणणं, सकाळी दहापर्यंत पाणी बंद करायचं नाही, दुपारी ते झोपतात, संध्याकाळी घरोघरी स्वयंपाक असतो. मग कधी? "रविवारी बघू." रविवारी, सगळे जिला 'किचनची चावी' म्हणतात ती गच्च आवळली. अर्धा तास थांबलो तरी माझ्या ओट्यावरच्या तोटीला पाणी सुरूच. फिटर म्हणाला, चावी गेलीय, आतली झडप दांड्यावरून सुटून वर अडकली असणार. पाचशे रुपये घेऊन गेला. तोटी अजून गळतेय.

तर प्रश्न असे की, आमच्या फ्लॅटपुरती वेगळी चावी बसवता येते का? गच्चीवरची चावी बदलायचा खर्च मी करायचा की बारा जणांनी? आणि तुमच्याकडे पाणी बंद करायच्या आधी लोकांना कसं सांगतात? कारण माझं मत असं झालंय की पाणी बंद करायचा अधिकार एका माणसाच्या झोपेवर अवलंबून नसावा.

भडंगप्रेमी

शीर्षक वाचून वाटलं कुलपाची चावी हरवली. मग वाटलं नळाची चावी अडकली. वाचून झाल्यावर कळलं, दोन्ही.

मिरज_जंक्शन

आमच्या बिल्डिंगीत खाली फळा आहे. त्यावर खडूने लिहिलंय, "उद्या ११ ते १ पाणी बंद राहील". तारीख नाही. गेली दिवाळी ते ही होळी, रोजच उद्या आहे.

आटेपाडू

तीस वर्षं हेच काम केलंय, आता मुलगा करतो. जरा सविस्तर लिहितो.

त्या काळी पाइप टाकायची पद्धत अशी होती: गच्चीवर एक टाकी, तिच्यातून खाली येणाऱ्या तीन-चार उभ्या लाइनी. एक लाइन एकाखाली एक असलेल्या सगळ्या संडास-बाथरूमची, एक सगळ्या किचनची, असं. म्हणजे तुमच्या फ्लॅटमध्ये पाणी एका जागेवरून येत नाही, तीन जागांवरून येतं. म्हणून 'फ्लॅटची मेन चावी' हा प्रकारच नाही. वेगळी बसवायची तर एक नाही, तीन बसवाव्या लागतील, जिथे जिथे उभ्या लाइनीतून फांदी तुमच्याकडे वळते तिथे. बसवता येतात. पण जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप पस्तीस वर्षांचा असला की बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून गंजून गळा आवळलेला असतो. एक सांधा सोडवायला पान्हा लावला की वरचा टी (तीन तोंडांचा जोड) फिरतो, त्याच्यावरचे आटे (स्क्रूसारख्या खाचा) तुटतात, आणि तोटीचं काम पूर्ण लाइनीचं काम होतं. म्हणून फांदीच्या कामाला हात घालणाऱ्याने आधी पाइप कुठून कापायचा ते ठरवावं, पान्ह्याने जोर लावू नये.

चावी बसवाल तर पाऊण फिरवून बंद होणारी... चुकलो, पाव फिरवून बंद होणारी बॉल व्हॉल्व्ह घ्या. गोल चाकाची गेट व्हॉल्व्ह नको. गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं उघडीच राहते, आत क्षार आणि गंज बसतो, आणि ज्या दिवशी गरज असते त्या दिवशी बंद होत नाही. गच्चीवर आहेत त्या गेटच्या असतील, तर दोन-तीन महिन्यांतून एकदा प्रत्येक चावी पूर्ण बंद करून परत उघडायची. उघडल्यावर अर्धा फेरा मागे घ्यायचा, म्हणजे ती वर घट्ट चिकटत नाही आणि पुढच्या माणसाला कळतं कुठल्या बाजूला फिरवायची ते.

आणि नवीन सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचा पाइप) जुन्या जीआयला जोडताना पितळी आट्यांचाच सांधा वापरा. प्लॅस्टिकचे आटे लोखंडात आवळले की आज नाही तर सहा महिन्यांनी चिरतात. रात्री दोन वाजता.

आता तुमच्या फिटरबद्दल. तुम्ही 'किचनची' चावी बंद केली तेव्हा बाकीच्यांच्या किचनचं पाणी बंद झालं होतं का?

गळकी_तोटी

@आटेपाडू, दादा, ते विचारलंच नाही.

आटेपाडू

मग चावी गेलीय हे कसं ठरवलंत?

कंदीपेढा

साताऱ्यातून. आमच्याकडे कास तलावाचं पाणी डोंगरावरून उताराने येतं. तळमजल्याला मोटर लागत नाही, चव विचारू नका. तुम्ही बसा चाव्या फिरवत.

भडंगप्रेमी

@कंदीपेढा, उताराने येतं तसं चढावर जातं का? तिसऱ्या मजल्यावर राहून बघा. पेढे खावा आणि गप बसा.

कंदीपेढा

तिसऱ्या मजल्यावरच राहतो. मोटर आहे. सांगणार नव्हतो.

वरचा_मजला

धागालेखकांच्या काकांची बाजू कुणी मांडेल असं दिसत नाही, तर मी मांडतो. मी ते काका नाही, पण आमच्या इमारतीत गच्चीच्या कुलपाची चावी अकरा वर्षं माझ्याकडे आहे.

ती माझ्याकडे का? कारण मी सगळ्यात वर राहतो, एवढंच. कुणी ठराव केला नाही, कुणी विचारलं नाही. सकाळी सहाला बेल: काका, टाकी भरली का बघा. रात्री अकराला बेल: काका, डिश अँटेनाचं काम आहे. पाणी बंद करायचं म्हणून फिटर येतो, चावी फिरवतो, काम झाल्यावर चहा पिऊन निघून जातो, आणि उघडायला मी जिने चढतो. एकदा खालच्या फ्लॅटमधल्या बाईंनी पाणी गेलंय का बघायला बेसिनची तोटी उघडली, पाणी नाही म्हणून तशीच उघडी ठेवून माहेरी गेल्या. बेसिनमध्ये खरकटं होतं. मी संध्याकाळी चावी उघडली. दोन दिवसांनी त्यांच्या खालच्या घरातलं सिलिंग फुगलं आणि दोष आला कोणावर? चावी उघडणाऱ्यावर.

दुसरं, पाणी परत सोडलं की खालच्यांना लगेच मिळतं. आमच्या लाइनीत हवा अडकते. नळ नुसता खोकतो. खालच्यांना हे माहीतच नसतं.

आणि तुम्ही जी वेगळी चावी बसवणार, तिच्याने आमचं प्रेशर कमी होणार नाही ना, हा प्रश्न आम्हाला पडणारच. टाकीचा तळ माझ्या शॉवरच्या वर जेमतेम सहा फूट आहे.

आटेपाडू

@वरचा_मजला, तुमचा राग रास्त आहे. प्रेशरचं सांगतो. पाण्याची उंची दहा मीटर असेल तर एक किलो दाब मिळतो. तळमजल्याच्या फ्लॅटला टाकी दहा-अकरा मीटर वर, म्हणजे एक किलो. तुम्हाला सहा फूट, म्हणजे पाव किलोसुद्धा नाही. तुमची तक्रार कायम राहणार, तिला इलाज टाकी उंच करणे नाहीतर छोटा प्रेशर पंप. पण दुसऱ्या मजल्याने आपल्या फांदीवर चावी बसवली तर तुमच्या पाण्यात काही फरक पडत नाही. ती फांदी त्याची एकट्याची. मुख्य उभ्या लाइनीत मात्र बारक्या भोकाची चावी आणि दोन जादा एल्बो घातले तर सगळ्यांनाच पडतो. तिथे पाइपाच्या मापाचं पूर्ण भोक असलेलीच घ्यायची.

हवेचं म्हणाल तर गच्चीवर चावीच्या पुढून एक पाइप सरळ वर टाकीपेक्षा उंच गेलेला असतो, तो हवेसाठीच. तो उघडा आहे का बघा. निम्म्या बिल्डिंगीत कुणीतरी त्याला बूच मारलेलं असतं, पाणी उडतं म्हणून.

सासर_सांगली

हा हवेचा पाइप वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडचा किस्सा सांगते, जेवत असाल तर नंतर वाचा.

आमच्या इमारतीत बाथरूमची लाइन दुरुस्तीला बंद केली होती. पहिल्या मजल्यावर संडासातला जेट स्प्रे खराब, त्याचा चाप दाबलेलाच राहायचा, म्हणून त्यांनी तो बादलीत टाकून ठेवला होता. बादलीत फिनेलचं पाणी. तळमजल्यावरच्या आजींनी पाणी आलं का बघायला नळ सोडला. पाणी तर आलं, आणि फेस आला. वास फिनेलचा. आजींना वाटलं महापालिकेने नवीन औषध घातलं. तांब्याभर बाजूला काढून ठेवलं की सुनेला दाखवू!

नंतर ज्या फिटरने उलगडा केला त्याने सांगितलं की वरची चावी बंद आणि हवेचा पाइप कापडाने बुजवलेला (कबुतरं बसतात म्हणून), त्यामुळे लाइनीत वरून हवा जायला वाट नाही. खालून नळ सोडला की लाइन हवा ओढून घ्यायला जागा शोधते, तिला बादलीतली नळी सापडली. पेट्रोल काढायला नळी तोंडाने ओढतात ना, तसंच. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: पाणी बंद असताना कुणाचीही नळी बादलीत, कूलरमध्ये, मशीनमध्ये बुडालेली दिसता कामा नये. आणि गिझर बंद. एकांचा गिझर असाच उलटा रिकामा झाला आणि कॉइल जळाली, कारण गिझरच्या इनलेटला एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) नव्हता.

भडंगप्रेमी

आजी प्यायल्या नाहीत ना?

सासर_सांगली

नाही हो. म्हणाल्या, "रंग बरा हाय, पण चव नको."

निवृत्त_लेखापरीक्षक

खर्चाच्या प्रश्नाकडे वळतो, तो राहूनच गेला.

आधी तुमचं अपार्टमेंट कशाखाली नोंदलंय ते बघा. सोसायटी असेल तर सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि आदर्श उपविधी (सोसायटीचे नमुना नियम) लागू. नसेल, आणि सांगली-मिरजेत १९८०-९० च्या बऱ्याच इमारती सोसायटी नाहीत, तर महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट १९७० आणि तुमचं घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लरेशन).

दोन्हीकडे तत्त्व सारखंच. उपविधींप्रमाणे बाहेरची पाण्याची लाइन, पंप, टाक्या, ड्रेनेज लाइन हे संस्थेच्या खर्चाने. गाळ्याच्या आतलं ज्याचं त्याने. १९७० च्या कायद्यातही टाकी, पंप, मोटर, गार-गरम पाण्याची यंत्रणा हे सामाईक सुविधांमध्ये धरलंय. म्हणजे गच्चीवरची चावी बारा जणांची, तुमच्या फांदीवरची नवी चावी तुमची. तोटी तर तुमचीच.

आणि एक कलम कुणी वाचत नाही. सामाईक लाइनीच्या दुरुस्तीसाठी वाजवी वेळेत कुठल्याही फ्लॅटमध्ये प्रवेश करायचा असोसिएशनला हक्क आहे, तातडीचं असेल तर कधीही. "आमच्या बाथरूममधून काम करू देणार नाही" हे चालत नाही. पण त्यासाठी आधी असोसिएशन जिवंत पाहिजे. तुमच्याकडे शेवटची मीटिंग कधी झाली?

गळकी_तोटी

लिफ्ट बसवायची की नाही यावर झाली होती म्हणे. लिफ्ट बसली नाही, मीटिंगही परत बसली नाही.

वाड्यातला_भाडेकरू

गावभागात वाड्यात राहतो. आमच्या इथे चावी मालकाच्या ताब्यात, आणि मालक रागावला की पाणी बंद. दोन दिवस तोंड धुवायला शेजारी गेलो. @निवृत्त_लेखापरीक्षक, याला काही आहे का?

निवृत्त_लेखापरीक्षक

आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २९. अत्यावश्यक पुरवठा, म्हणजे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची स्वच्छता वगैरे, घरमालकाला पुरेशा कारणाशिवाय तोडता किंवा रोखता येत नाही. न्यायालयाकडे पुरवठा पूर्ववत करायचा आदेश मागता येतो. वकिलाला भेटा, इथे एवढंच सांगता येईल.

अवांतर: उपविधींमध्ये पाणीपट्टी माणशी किंवा चौरस फुटावर नाही, प्रत्येक गाळ्यात किती नळजोड आणि किती मापाचे यावर वाटायची आहे. ऑडिटला जायचो तेव्हा हे सांगितलं की मीटिंगमध्ये हमखास भांडण. एकांनी तर आदल्या दिवशी दोन तोट्या काढून बूच मारलं होतं.

मिरज_जंक्शन

म्हणजे ज्याच्या घरी एक नळ आणि आठ माणसं त्याची चैन.

आयर्विनवरून

आमच्या इमारतीत पाणी बंद करण्यावर एकदाच एकमत झालंय. ऑगस्ट २०१९.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचं पार्किंग पूर्ण पाण्यात, खालचा हौद पाण्यात, मोटर पाण्यात, वीज नाही. खालच्या दोन कुटुंबांसह आम्ही चाळीस माणसं वरच्या दोन मजल्यांवर. चहूकडे कृष्णामाई आणि प्यायला पाणी नाही. पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही, सगळे नेहमीसारखे आंघोळी करत होते. संध्याकाळी गच्चीवर गेलेल्या एका पोराने टाकीत काठी घातली आणि ओरडला.

अंदाजे सहा हजार लिटर होतं. तिथेच गच्चीवर, पावसात, हिशेब झाला. चाळीस माणसं, पाच दिवस धरले तर माणशी रोज तीस लिटर. नेहमीची एक आंघोळ आणि दोनदा संडास केला की तीस लिटर संपतात. मग चारही चाव्या बंद केल्या. सकाळी सातला पंधरा मिनिटं, संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटं, तीही फक्त किचनची. संडासाला पुराचं पाणी दोरीने बादली सोडून ओढायचं. चावी कोणी उघडायची? तिथेच खरी पंचाईत. जो उघडेल त्याच्यावर संशय. शेवटी एका वेळी दोघांनी जायचं, दोन वेगळ्या मजल्यांवरचे, असं ठरलं. ज्या दोन शेजाऱ्यांचं गाडी लावण्यावरून बोलणं बंद होतं, त्यांचीच जोडी मुद्दाम लावली होती आमच्या सौंनी.

एक चावी तेव्हा बंद होईना. तीच गेट व्हॉल्व्ह. पाइपाला सायकलची ट्यूब गुंडाळतात तसं काही इथे चालत नव्हतं, पाणी आतून जात होतं. मग त्या लाइनीवरच्या सगळ्या घरांतल्या तोट्यांना दोऱ्या बांधून गाठी मारल्या. हसू नका, लहान मुलं होती, नकळत तोटी सोडतात.

पाणी उतरल्यावर हौदातला गाळ काढायला तीन दिवस लागले. धुऊन, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून, दोनदा भरून सोडून दिला आणि मगच टाकीत चढवलं. त्या खर्चात चारही चाव्या बदलून घेतल्या. वर्गणी मागायला लागली नाही, लोकांनी आणून दिली. आता विचारलं तर देणार नाहीत.

सासर_सांगली

@आयर्विनवरून, त्या जोडीचं पुढे काय झालं?

आयर्विनवरून

गाडीवरून परत भांडण झालं. पण आता बोलून भांडतात.

हळदबाजार

माझा एक सल्ला. चावी बदलायला टाकी रिकामी करावीच लागते, नाहीतर कुणीतरी आत उतरून तोंडाला कापड गुंडाळलेला लाकडी दट्ट्या मारायचा, तोही धोक्याचा खेळ. त्यापेक्षा टाकी धुवायच्या दिवशीच काम काढा. टाकी तशीही रिकामी होणार. एकाच दिवशी लोकांच्या शिव्या खायच्या.

आटेपाडू

@हळदबाजार, शंभर टक्के. आणि पाणी परत सोडल्यावर पहिलं गंजाचं लाल पाणी येतं, ते आधी बाथरूमच्या साध्या नळातून बादलीत सोडून द्या. फिल्टर, वॉशिंग मशीन, गिझर यांच्या चाव्या तोवर बंद. चावी सावकाश उघडा, एकदम नाही.

गळकी_तोटी

दीड महिन्यानं लिहितोय. बरंच घडलं.

@आटेपाडू दादांचा प्रश्न डोक्यात बसला होता. मीटिंग बोलावली, बारापैकी सात आले, तेही खाली पार्किंगमध्ये उभ्या उभ्या. टाकी धुवायचा रविवार ठरला. त्याच्या आदल्या शनिवारी आम्ही तिघांनी वेगळंच काम केलं. एक जण गच्चीवर, एक जण फोन घेऊन जिन्यात, मी घरोघरी. एकेक चावी बंद करायची आणि बारा घरांतला एकेक नळ उघडून बघायचा, वहीत लिहायचं. चार तास लागले. चहा मात्र आठ घरी झाला.

निकाल: 'किचनची' चावी उत्तम बंद होते. ती बंद केल्यावर माझं सोडून, त्या लाइनीवरची सगळी किचन बंद झाली. माझं किचन त्या लाइनीवर नाहीच! माझ्या आधीच्या मालकांनी वास्तूप्रमाणे स्वयंपाकघर आग्नेयेला हलवलं होतं, आणि पाणी घेतलं शेजारच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या लाइनीतून, भिंतीतून आरपार. शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. म्हणजे चार वर्षं मी भांडी घासतोय त्यांच्या बाथरूमच्या पाण्यात. (पाणी तेच आहे, एकाच टाकीचं, पण बायकोला हे अजून पटलेलं नाही.)

चौथी चावी कुठल्याच घराची निघाली नाही. तिची लाइन पार्किंगमध्ये बागेच्या नळाला जाते आणि तिथे आता बाग नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी त्या शनिवारी चार तास गच्चीवर उभं राहून स्वतः चाव्या फिरवल्या. ते म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी तुमच्या फिटरला सांगत होतो की ही चावी गेलेली नाही, मी दर पाडव्याला फिरवतो." फिटरनं ऐकलं नाही आणि मीही नाही. @वरचा_मजला, तुमचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. "हा माणूस कोण? चहाला बोलवा," म्हणाले.

रविवारी टाकी धुतली, दोन चाव्या खरोखर जड होत्या त्या बदलल्या. घरटी साडेसहाशे रुपये. दोन जणांनी अजून दिलेले नाहीत. प्रत्येक पाइपावर ऑइलपेंटने फ्लॅटचे नंबर लिहिले. हवेच्या पाइपावर खरंच बूच निघालं, कापडाचं नव्हे, चक्क मक्याच्या कणसाचं. आता त्यावर जाळी आहे. कुलपाच्या तीन चाव्या केल्या, मजल्याला एक. माझ्या फांदीवर बॉल व्हॉल्व्ह बसवली, ओट्याखाली. तोटीही बदलली.

मिरज_जंक्शन

अभिनंदन. कणीस कोणी लावलं ते कळलं का?

गळकी_तोटी

काका म्हणतात, त्यांनी नाही. मी जास्त खोलात गेलो नाही.

निवृत्त_लेखापरीक्षक

ती वही जपून ठेवा. असोसिएशनच्या दप्तरात एक प्रत लावा. आणि शेजाऱ्यांच्या लाइनीवरून जोड आहे हे दोघांच्या सहीने लिहून ठेवा. फ्लॅट विकताना उपयोगी पडेल.

वाड्यातला_भाडेकरू

नवीन फिटर कोण आणला? मला नंबर मिळेल का? वकिलाच्या पत्रानंतर मालक म्हणतोय वेगळी लाइन टाकून घ्या, निम्मा खर्च देतो.

गळकी_तोटी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. सकाळी अकराच्या आधी फोन उचलत नाहीत, आणि आधी सांगून ठेवा की वाडा आहे, नाहीतर आटे पाडायचं मशीन आणत नाहीत.